मोनिका ॲबट: १८९ विजय आणि ऑक्लाहोमातले ते तीन दिवस

रानवारा

२००५ च्या ऑगस्टमध्ये मी शिकायला नॉक्सव्हिलला, टेनेसी विद्यापीठात गेलो. तोवर सॉफ्टबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. पुढच्या वसंतात प्रयोगशाळेतला एक सहकारी मला टायसन पार्कला घेऊन गेला. विद्यापीठाचा मुलींचा संघ तेव्हा तिथे खेळायचा. गावातली सार्वजनिक बाग आणि तिच्यातच मैदान. मध्यभागी सहा फूट तीन इंच उंचीची एक डावखुरी मुलगी उभी होती. तिने हात खांद्यापासून पूर्ण गोल फिरवला, मांडीजवळून चेंडू सुटला आणि मला दिसला तो थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्ये. मधला प्रवास डोळ्यांनी टिपलाच नाही.

ती मोनिका ॲबट. कॅलिफोर्नियातल्या सलिनासची. कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये आजवर सर्वाधिक सामने जिंकणारी आणि सर्वाधिक स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं) घेणारी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. तिच्यावर मराठीत सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा.

आधी आकडे मांडतो, कारण ते डोळ्यांसमोर असल्याशिवाय पुढचं बोलणं कळणार नाही. ती २००४ ते २००७ अशी चार वर्षं खेळली. पहिल्या वर्षी ४५ सामने जिंकले, १० हरले. मग ५०-९, ४४-१० आणि शेवटच्या वर्षी ५०-५. एकूण १८९ विजय, ३४ पराभव. स्ट्राइकआउट ५८२, ६०३, ५३१ आणि ७२४, म्हणजे एकूण २,४४०. प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं, मिळू न देता जिंकलेले सामने, म्हणजे नो-हिटर, २३. त्यातले ६ परफेक्ट गेम, ज्यांत एकही बॅटर पहिल्या बेसवरसुद्धा पोहोचली नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो. सॉफ्टबॉलचा सामना सात इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये तीन बाद, म्हणजे एका संघाला एकवीस जणी बाद करायच्या असतात. गोलंदाज बदलत राहण्याची सक्ती नाही. त्यामुळे एकच मुलगी आज सातही इनिंग टाकते, उद्या टाकते, परवाही टाकते. एका बाजूने षटकं कोणी टाकायची हा कर्णधाराचा प्रश्नच इथे येत नाही. ॲबट येण्याआधी टेनेसी कधीच महिला कॉलेज वर्ल्ड सिरीजला, म्हणजे शेवटच्या आठ संघांत, पोहोचलं नव्हतं. तिच्या काळात २००५, २००६ आणि २००७ असं सलग तीनदा पोहोचलं.

आता ते तीन दिवस. २००७ चा जून, ऑक्लाहोमा सिटी. अंतिम फेरीत टेनेसी आणि ॲरिझोना, तीनपैकी दोन जिंकणारा विजेता. आम्ही सातआठ जण एका छोट्या घरात टीव्हीपुढे बसलो होतो, त्यांत दोघेच अमेरिकी. पहिला सामना ॲबटने ३-० असा जिंकून दिला. आता एकच जिंकायचा होता. दुसऱ्या सामन्यात सात इनिंग संपल्या तरी दोन्हीकडे शून्य. आठवी, नववी, शून्य. दहाव्या इनिंगमध्ये ॲरिझोनाने एक रन काढली आणि सामना १-० असा घेतला. दुसऱ्या दिवशीचा सामना ५-० असा गेला. ॲरिझोनाला आठवं विजेतेपद मिळालं. ॲबट कॉलेजमधून विजेतेपदाशिवाय बाहेर पडली.

त्या रात्री आमच्या घरात कोणी बोललं नाही. मला आजही वाटतं की त्या दहा इनिंगवरून तिच्या चार वर्षांचा निवाडा होऊ नये, पण लोक करतात. सर्वकालीन श्रेष्ठ पिचर कोण असा विषय निघाला की तिच्या नावापुढे लगेच येतं, ‘पण जिंकली कुठे?’ तुम्हाला काय वाटतं?

कोवळंऊन

छान लिहिलंय. खेळातलं काही कळत नव्हतं, तरी शेवटपर्यंत वाचलं. एक शंका. दुसऱ्या बाजूला कोण टाकत होतं? १-० आणि तेही दहा इनिंग म्हणजे तिकडेही कोणीतरी तितकीच भारी असणार ना?

रानवारा

हो, तिचं नाव मूळ लेखातच यायला हवं होतं. टॅरिन मोवॅट. ॲबटच्या शेजारी उभी राहिली तर खांद्याला लागेल अशी. त्या वर्ल्ड सिरीजमध्ये तिने आठ सामन्यांत ६० इनिंग आणि १,०३५ चेंडू टाकले, ७६ स्ट्राइकआउट घेतले. हे सगळं साधारण एका आठवड्यात. ॲरिझोना सुरुवातीलाच एक सामना हरल्यामुळे तिला जास्तीचे सामने खेळावे लागले होते. त्या वर्षीच्या ईएसपीवाय या अमेरिकी क्रीडा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू म्हणून तिचीच निवड झाली. आम्ही ॲबटसाठी हळहळत होतो, पण मोवॅटबद्दल वाईट शब्द कोणाच्या तोंडून आला नाही.

तापीकाठ

धागा पाहून बसल्या जागी उठले. मी जळगावची. शाळेपासून विद्यापीठापर्यंत सॉफ्टबॉल खेळले, त्यातली सहा वर्षं पिचर म्हणून. आता शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. जळगाव, अमरावती, संभाजीनगर या भागात हा खेळ मनापासून खेळला जातो, आणि आपल्या राज्यातल्या सॉफ्टबॉल खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कारही मिळालेले आहेत, हे पुण्या-मुंबईतल्या लोकांना सांगावं लागतं.

रानवारा यांनी एक गोष्ट अगदी बरोबर पकडली आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकण्याची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हात खालून फिरतो, म्हणजे खांद्याला त्रास नाही. आमच्या काळी हेच सांगितलं जायचं. ‘हे नैसर्गिक आहे, कितीही टाक.’ मी एका स्पर्धेत तीन दिवसांत पाच सामने टाकले. चौथ्या सामन्यानंतर दंडाच्या पुढच्या बाजूला, खांद्याच्या खोबणीपाशी असं दुखायला लागलं की वेणी घालायला हात वर जाईना. कोणाला सांगितलं नाही, कारण दुसरी पिचर नव्हती. आज अभ्यासकांनी मोजून दाखवलं आहे की चेंडू सोडताना खांद्यावर आणि दंडाच्या स्नायूवर चांगलाच भार येतो. माझ्या शाळेतल्या मुलींना मी सलग दोन सामने टाकू देत नाही. हरलो तरी चालेल.

म्हणून ७२४ स्ट्राइकआउटचा आकडा वाचला तेव्हा पहिल्यांदा माझा हात खांद्याकडे गेला. एका हंगामात ५५ निकाल एकटीच्या नावावर. याला ताकद म्हणतातच, पण रोज सकाळी उठून तो हात पुन्हा तयार करणं ही वेगळी शिस्त आहे, आणि तिची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

अनुजा_डॅलस

रानवारा, लेख आवडला, पण मी टेक्सासची असल्यामुळे दुसऱ्या नावासाठी भांडणार आहे. कॅट ऑस्टरमन. तीही डावखुरी, तीही सहा फुटांच्या वर आणि त्याच काळातली. टेक्सास विद्यापीठाकडून २००२, २००३, २००५ आणि २००६ खेळली. मधलं २००४ ऑलिंपिकसाठी बाजूला ठेवलं आणि अथेन्सहून सुवर्ण घेऊन आली. १३६ विजय, २५ पराभव, २,२६५ स्ट्राइकआउट, २० नो-हिटर, त्यांत ७ परफेक्ट गेम. वर्षातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून तीनदा निवड.

माझा मुद्दा एका आकड्यावर आहे. ऑस्टरमनने दर सात इनिंगमागे सरासरी १४.३४ स्ट्राइकआउट घेतले. एकवीसपैकी चौदा! म्हणजे पूर्ण कारकिर्दीत तीनपैकी दोन बाद तिने एकटीने, क्षेत्ररक्षकांना हालचाल न करायला लावता मिळवले. एकूण बेरजेत ॲबट पुढे आहे, कारण ती जास्त इनिंग टाकली. दराने पाहिलं तर ऑस्टरमन.

रानवारा

अनुजाताई, दराच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. ऑस्टरमनचा चेंडू जसा आडवा-उभा वळायचा तसा ॲबटचा वळत नसे. ॲबटचं हत्यार वेग. फक्त एवढंच म्हणेन की जास्त इनिंग टाकणं हे कमीपणाचं कारण होऊ शकत नाही. संघाला गरज होती, तिने टाकल्या.

आणि विजेतेपदाचं बघा. ऑस्टरमनलाही कॉलेजचं विजेतेपद मिळालं नाही.

अनुजा_डॅलस

नाही मिळालं. २००३, २००५ आणि २००६ अशा तिन्ही वर्ल्ड सिरीज तिने खेळल्या. तेव्हा मी इथे नव्हते, नंतर जुनी चित्रणं पाहिली. २०२५ मध्ये टेक्सासला पहिलं विजेतेपद मिळालं तेव्हा मला पहिली आठवण तिचीच झाली.

मेकॅनिक्स

पुण्यात पदार्थविज्ञान शिकवतो. वेगाचा विषय निघाला आहे तर थोडा हिशेब करतो, म्हणजे रानवारांना चेंडू का दिसला नाही ते कळेल.

पिचरची पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभी असते त्या जागेपासून, ४३ फुटांवर असते, म्हणजे साधारण १३.१ मीटर. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर सव्वाअकरा मीटरच्या आसपास राहतं. ताशी ११० किलोमीटरचा चेंडू हे अंतर सुमारे ०.३७ सेकंदात कापतो. आता क्रिकेट घ्या. ताशी १४५ किलोमीटरच्या गोलंदाजाचा चेंडू सुटण्याच्या जागेपासून फलंदाजापर्यंत सुमारे साडेसतरा मीटर जातो. त्याला ०.४३ सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, टप्पा पडून मंदावला तर आणखी थोडा जास्त. म्हणजे कागदावर मध्यमगती वाटणारा हा चेंडू जलद गोलंदाजापेक्षा लवकर अंगावर येतो, आणि बॅट गोल असते.

मी शोधलं तेव्हा समजलं की २०१२ मध्ये ॲबटचा एक चेंडू ताशी ७७ मैल मोजला गेला आणि तो तेव्हाचा विश्वविक्रम म्हणून नोंदला गेला. ७७ मैल म्हणजे १२४ किलोमीटर. वेळ काढा, ०.३३ सेकंद. डोळा मिटून उघडेपर्यंत यातला मोठा भाग संपलेला असतो.

कोवळंऊन

बाप रे. आणि ‘राइज बॉल’ म्हणतात तो खरंच वर जातो का?

मेकॅनिक्स

चांगला प्रश्न. चेंडू मांडीच्या उंचीवरून सुटतो आणि छातीच्या उंचीवर पोहोचू शकतो, म्हणजे सुरुवातीपासून तो वरच्या दिशेनेच निघालेला असतो. शेवटी अचानक उडी मारतो असं जे वाटतं ते मात्र घडत नाही. त्याला उलटी फिरकी दिलेली असते. त्या फिरकीने हवा चेंडूला वर ढकलते, पण गुरुत्वाकर्षणाला पुरून उरेल इतकी नाही. चेंडू नेहमीपेक्षा कमी खाली येतो. बॅटरचा मेंदू मात्र नेहमीच्या घसरणीचा अंदाज बांधून बॅट फिरवतो आणि बॅट चेंडूखालून जाते. बॅटरला दिसलेली उडी म्हणजे तिचा अंदाज आणि प्रत्यक्ष मार्ग यांतलं अंतर.

तापीकाठ

मेकॅनिक्स सर, हे उद्या वर्गात सांगणार आहे. आम्हाला कोणी असं समजावलं असतं तर! राइज बॉल शिकायला मला दीड वर्ष लागलं. मनगट उलट दिशेने, दाराची मूठ फिरवावी तसं फिरवायचं आणि बोटं चेंडूच्या खालून काढायची. आमच्याकडे चेंडू मोजके. पावसाळ्यात भिजून जड झालेल्या चेंडूवर फिरकी बसायचीच नाही. मग घराच्या मागच्या भिंतीवर खडूने चौकोन काढून सराव करायचे. शेजारच्या काकू रोज ओरडायच्या, आणि अंतिम सामन्याला त्याच काकू पेढे घेऊन आल्या होत्या.

नागोयाकर

ॲबटची कॉलेजनंतरची गोष्ट कोणीच काढली नाही, म्हणून लिहितोय. बारा वर्षं जपानात आहे, आयची प्रांतात. इथल्या टोयोटाच्या सॉफ्टबॉल संघात ॲबट २००९ पासून अनेक हंगाम खेळली. रेड टेरियर्स असं त्या संघाचं नाव. जपानमध्ये कंपन्यांचे संघ असतात आणि लीग वसंत आणि शरद अशा दोन टप्प्यांत चालते. मधल्या उन्हाळ्यात ती अमेरिकेत जाऊन शिकागो बॅन्डिट्सकडून खेळायची आणि परत यायची. वर्षातून दोनदा पॅसिफिक ओलांडायचा, आणि टाकायचं.

सामन्याला कंपनीतली माणसं ऑफिसचे गट करून येतात, ढोल असतात, एकेका खेळाडूचं वेगळं गाणं असतं. ती मैदानात आली की शांतता व्हायची. लीगमधली तिची मोठी लढत जपानी पिचर युकिको उएनोशी. उएनो ताकासाकीच्या संघाची. दोघी समोरासमोर असल्या की तिकीट मिळणं कठीण. मी असा एकच सामना पाहिला. दोन तास कोणी काही खायला उठलं नाही.

टेनेसीला जे तिला देता आलं नाही ते टोयोटाला दिलं. तिच्या काळात या संघाने लीगची अनेक विजेतेपदं मिळवली. ‘जिंकली कुठे’ म्हणणाऱ्यांनी आयचीत येऊन विचारावं.

रानवारा

नागोयाकर, हे वाचून फार बरं वाटलं. एक भर. २००७ मध्ये कॉलेज संपल्यावर त्याच उन्हाळ्यात ती वॉशिंग्टन ग्लोरी संघात गेली आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं त्या वर्षीचं विजेतेपद त्या संघाने मिळवलं. जूनमध्ये ऑक्लाहोमातून रिकाम्या हाताने परतलेली मुलगी काही आठवड्यांत पुन्हा पिचरच्या वर्तुळात उभी होती.

पश्चिमवारा

पहिल्यांदाच लिहितोय. एक बाजू कोणी मांडली नाही, ती पैशाची. जगातली सर्वोत्तम पिचर वर्षातून दोनदा पॅसिफिक का ओलांडते? कारण घरी राहून पोट भरत नव्हतं.

२०१६ मध्ये ह्यूस्टनजवळच्या स्क्रॅप यार्ड डॉग्स या संघाने तिच्याशी सहा वर्षांचा दहा लाख डॉलरचा करार केला. तेव्हा मोठी बातमी झाली होती. पण आतला तपशील बघा. मूळ पगार वर्षाला वीस हजार डॉलर. बाकीची रक्कम प्रेक्षकसंख्येवर अवलंबून. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर दीड लाखाची मर्यादा घातली होती, त्यामुळे सरळ मार्गाने देताच आले नसते. पुढे ती लीगही बंद पडली.

त्याच्या शेजारी २०२४ ठेवा. कॅन्ससच्या टोपिकाची नायजॅरी कॅनडी. स्टॅनफर्डकडून दोन वर्षं खेळून ती टेक्सास टेकला गेली, तेव्हा तिच्या एका वर्षाच्या कराराची रक्कम होती १०,५०,०२४ डॉलर. दहा लाख कराराचे, पन्नास हजार राहण्याखाण्याचे आणि चोवीस डॉलर तिच्या पाठीवरच्या २४ या क्रमांकाचे. २०२१ च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावायला परवानगी मिळाली, त्याआधी हे शक्यच नव्हतं. ॲबटने चार वर्षांत २,४४० स्ट्राइकआउट घेतले ते शिष्यवृत्तीवर.

मला कॅनडीबद्दल तक्रार नाही, तिला मिळालं ते योग्यच. ॲबटच्या पिढीला मिळालं नाही याचं दुःख आहे.

अनुजा_डॅलस

कॅनडीचं नाव निघालंच आहे तर २०२५ ची अंतिम फेरी सांगते. ती मी मैदानात बसून पाहिली. रानवारांच्या तीन दिवसांशी तिचं नातं आहे.

टेक्सास विरुद्ध टेक्सास टेक. टेक पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला आलेलं. उपांत्य फेरीत त्यांनी ऑक्लाहोमाला हरवलं, ज्यांनी आधीची सलग चार विजेतेपदं जिंकली होती. तोवर टेकचा प्रत्येक चेंडू कॅनडीने टाकलेला. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात टेक एका रनने पुढे होतं. समोर रीस ॲटवूड, टेक्सासची सर्वांत धोकादायक बॅटर. तिला मुद्दाम वाइड टाकून पहिला बेस द्यायचं ठरलं. एक चेंडू जरा आत राहिला आणि ॲटवूडने हात लांबवून तो मारला. दोन रन आल्या, सामना २-१ असा टेक्सासने घेतला. मी टेक्सासची, पण ओरडायला तोंड उघडलं आणि कॅनडीकडे पाहून तसंच मिटलं. ती वर्तुळात उभी राहून चेंडू हातात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा. टेकने ४-३ असा सामना जिंकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच. पहिल्याच इनिंगमध्ये टेक्सासने पाच रन काढल्या आणि मग तिला बाहेर घेतलं. शेवट १०-४. तापीकाठ ताईंचं वाचताना मला तेच आठवत होतं. त्या दिवशी तिचा चेंडू हळू नव्हता, पण ज्या चेंडूंवर आधीच्या दिवशी बॅटर चुकत होत्या तेच आता नीट मारले जात होते. तिसऱ्यांदा पाहिलेला चेंडू ओळखीचा होतो.

तापीकाठ

अगदी. हात थकतो हे अर्धंच खरं. बॅटर शिकतात हे उरलेलं अर्धं. २००७ मधल्या ॲबटचंही असंच झालं असणार. ॲरिझोनाने पहिल्या दिवशी तिला पाहिलं, दुसऱ्या दिवशी दहा इनिंग पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा तोच हात, तेच मनगट. मोवॅटसुद्धा तेवढीच थकलेली होती, तिलाही टेनेसीच्या मुलींनी तितकंच पाहिलं होतं, आणि तरी तिने शून्य राखलं. त्याबद्दल तिला मानाचा मुजरा. पण या गोष्टीत ॲबट कुठे कमी पडली असं मला एक पिचर म्हणून दिसत नाही. एकीला हरावंच लागणार होतं.

पिचरचं दुःख आणखी एका बाबतीत वेगळं. तिने सात इनिंग शून्य राखलं तरी तिच्या बाजूने एक तरी रन यायला हवी. दुसऱ्या सामन्यात टेनेसीला दहा इनिंगमध्ये एकही रन काढता आली नाही. तो पराभव मात्र हिच्या नावावर लागला.

पश्चिमवारा

ऑलिंपिकमध्येही तेच.

रानवारा

ऑलिंपिकची कथा वेगळी लिहायला हवी, तरी थोडक्यात. २००५ च्या जुलैमध्ये सिंगापूरला मतदान झालं आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल २०१२ पासून ऑलिंपिकमधून वगळले गेले. त्यामुळे २००८ चं बीजिंग तिचं पहिलं आणि कदाचित शेवटचं. तिथे नेदरलँड्सविरुद्ध तिने परफेक्ट गेम टाकला. ऑलिंपिक सॉफ्टबॉलमधला पहिला परफेक्ट गेम उएनोने २००४ मध्ये अथेन्सला टाकला होता. उपांत्य फेरीत अमेरिकेने जपानला ४-१ असं हरवलं. मग त्याच दिवशी उएनोने ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा इनिंग टाकल्या, दुसऱ्या दिवशी अंतिम सामनाही टाकला आणि जपानने ३-१ असा जिंकला. उएनोचे दोन दिवसांत ४१३ चेंडू. अंतिम सामन्यात अमेरिकेकडून सुरुवात केली ऑस्टरमनने, पुढे आली ॲबट.

तेरा वर्षं खेळ ऑलिंपिकमध्ये नव्हता. टोकियोसाठी परत आला, स्पर्धा २०२१ मध्ये झाली. अमेरिकेकडून पुन्हा ऑस्टरमन आणि ॲबट, जपानकडून पुन्हा उएनो. ऑस्टरमन ३८ वर्षांची, ॲबट स्पर्धेदरम्यान ३५ वर्षांची आणि अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ३६ पूर्ण करणारी. गटातले पाचही सामने अमेरिकेने जिंकले, पण पाच सामन्यांत मिळून रन फक्त नऊ. सगळा भार पिचरांवर. अंतिम सामना जपानने २-० असा घेतला.

नागोयाकर

तो अंतिम सामना मी घरी, जपानी शेजाऱ्यांबरोबर पाहिला. सहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेच्या बॅटरने जोरात मारलेला चेंडू तिसऱ्या बेसवरच्या यामामोतोच्या हातावर आदळून उडाला आणि शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी राहणाऱ्या, आत्सुमीने तो जमिनीला लागण्याआधी झेलला. एका चेंडूवर दोघी बाद. तिथेच सामना संपला. शेजारचे आजोबा टाळ्या वाजवता वाजवता थांबले आणि म्हणाले, ‘ॲबट-सानला वाईट वाटत असेल.’ इतकी वर्षं इथे खेळल्यावर ती त्यांचीही झाली होती.

कोवळंऊन

धागा उघडला तेव्हा मला पिचर म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं. काल रात्री नवरा आणि मी २००७ चा तो दुसरा सामना शोधून पाहिला. निकाल माहीत असूनही दहाव्या इनिंगला पोटात गोळा आला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती शेजारी बसून बघत होती. आता तिला चेंडू तसा गोल फिरवून टाकायचा आहे. तापीकाठ ताई, सुरुवात कशी करू? आम्ही नाशिकला आहोत.

तापीकाठ

लहान चेंडू घ्या, ११ इंच परिघाचा मिळतो, मोठ्यांचा १२ इंचांचा असतो. पहिले दोन महिने हात गोल फिरवायचा नाही. उभं राहून, हात मांडीशी, फक्त मनगटाने चेंडू भिंतीवर. चार-पाच फुटांवरून. ते सरळ जायला लागलं की एक पाऊल मागे. वेगाच्या मागे लागू नका. आणि आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी, ती कितीही हट्ट करो. तिचं मनगट नीट फिरायला लागलं की इथे लिहा, पुढचं सांगते. नाशिकमध्ये तिच्याच वयाच्या मुली खेळतात, एकटी पडणार नाही.

पश्चिमवारा

रानवारा, एक विचारायचं होतं. २००७ चं ते मैदान अजून आहे का?

रानवारा

आहे. नाव बदललं, बरंच वाढवलंही, पण जागा तीच. आता डेव्हन पार्क म्हणतात, आणि वर्ल्ड सिरीज दर वर्षी तिथेच होते. नॉक्सव्हिलचं मात्र बदललं. ॲबट बाहेर पडली त्याच्या पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, विद्यापीठाने स्वतःचं नवं स्टेडियम बांधलं. तिच्यामुळे गर्दी वाढली, आणि तिला मात्र टेनेसीकडून त्यात एकदाही टाकता आलं नाही.

आणखी एक. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय, आणि त्याचे सामने लॉस एंजेलिसमध्ये नाहीत. ते ऑक्लाहोमा सिटीला, त्याच मैदानावर होणार आहेत.

अनुजा_डॅलस

माझ्या घरापासून गाडीने तीन तास. वरच्या खोलीत चार जणांची सोय होते. नागोयाकर, तुम्ही जपानची जर्सी घालून आलात तरी चालेल. तापीकाठ ताई, तुम्ही पासपोर्ट काढून ठेवा.

तापीकाठ

काढलेला आहे. मागच्या वर्षीच काढला, काही कारण नसताना.